सोन्याची पट्टी आणि चौसष्ट तारा

आकाराम आबांच्या तळहातावर काहीही ठेवलं, तरी ते आधी दोनदा अलगद वरखाली होतं. पेरू असो, औषधाची बाटली असो, लग्नाची पत्रिका असो. मग आबा वजन सांगतात आणि ते सहसा चुकत नाही. लेंगरे गावातली पोरं मुद्दाम त्यांच्या हातावर खडे ठेवून परीक्षा घेतात. आबा लाजून हसतात, पण हात वरखाली झाल्याशिवाय राहत नाही. तो हात आता त्यांचा राहिलेला नाही, धंद्याचा झाला आहे.

धंदा गलाईचा. विट्याच्या आसपासच्या गावांत हे समजावून सांगावं लागत नाही, कारण घरटी एक तरी माणूस मुलूख सोडून कुठल्या तरी सराफ बाजारात सोनं वितळवायची मूस तापवत बसलेला असतो. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध सोनं सराफाच्या हातावर ठेवायचं. आबा चौदाव्या वर्षी चुलत्याचं बोट धरून त्रिशूरला गेले आणि सत्तरी ओलांडल्यावर लेंगऱ्याला परतले. मधली सगळी वर्षं दहा बाय आठच्या एका खोलीत, आगीसमोर गेली.

पहिली दोन वर्षं चुलत्यानं त्यांना सोन्याला हात लावू दिला नाही. फक्त फुंकणी फुंकायला शिकवलं. गाल फुगवून वारा सोडत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं नवा श्वास आत घ्यायचा. वारा तुटता कामा नये, ज्योत हलता कामा नये. पोरगा दमून थांबला की चुलता म्हणायचा, "ज्योत हलली की हात हलला म्हणून समज." शेजारच्या खोलीत साखळ्या करणारे बंगाली कारागीर बसत. त्यांच्याकडून आबा डाग द्यायला शिकले. सोन्याचे दोन तुकडे जोडणं म्हणजे डाग देणं. एका साखळीला तीनशे कड्या आणि तीनशे डाग, आणि एकही डोळ्याला दिसायचा नाही.

शेवटच्या दहा-बारा वर्षांत त्या खोलीत वेगळाच माल यायला लागला. संगणकातल्या पाट्या, म्हणजे कार्डं. भंगारवाले पोत्यानं आणत. त्या पाट्यांच्या एका कडेला सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक बारीक पट्ट्या ओळीनं असतात, कंगव्याच्या दातांसारख्या. धंद्यात त्यांना बोटं म्हणत. सोनं गंजत नाही, म्हणून वीज आत घेणारी जागा सोन्याची. आबांना याचंच नवल वाटायचं की सोनं कुठं कुठं जाऊन बसतं! बाकीची पाटी त्यांच्या लेखी फोलकट. बोटांची कड कातरीनं कापून घ्यायची आणि उरलेलं परत पोत्यात.

गावाला येताना त्यांनी असल्या मेलेल्या कार्डांचं एक पोतं बरोबर आणलं होतं. सून मंगल हिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "मामंजी, तेजाबाचा वास माझ्या घरात नगं." तेव्हा आबा फक्त कापायचं काम करत. कापलेल्या पट्ट्या डब्यात साठवायच्या आणि कुणी त्रिशूरला निघालं की उदयसिंहाकडे पाठवायच्या. उदयसिंह म्हणजे त्यांचा मुलगा, आता तिथलं दुकान तोच बघतो. रोज दुपारी जेवण झालं की आबा जुन्या गोठ्यातल्या टेबलाशी बसत. टेबलाला पत्रा कापायची लांब दांड्याची कातर ठोकलेली. डाव्या हातानं कार्ड सरकवायचं, उजव्यानं दांडा दाबायचा. कचकन पट्टी खाली. यात डोळे लागतच नसत.

आणि तिथंच घात झाला.

उदयसिंहाची मुलगी संयोगिता विट्याच्या कॉलेजात शिकते. ती संगणकावर खेळते, आणि नुसती वेळ घालवायला खेळत नाही. पाच जणींचा तिचा संघ आहे. एक कराडची, एक इस्लामपूरची, दोघी सांगलीच्या. प्रत्यक्षात त्या एकमेकींना तीनदाच भेटल्या आहेत, पण रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून एकमेकींना असं काही ओरडून सांगत असतात, की मंगलला आधी वाटायचं पोरीचं कुणाशी तरी भांडण चाललंय. उदयसिंहाच्या मते खेळ म्हणजे कुस्ती, फार तर कबड्डी. म्हणून संयोगितानं बापाकडे काही मागितलं नाही. दोन वर्षं लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि त्या पैशातून सांगलीहून एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं. पडद्यावरचं चित्र रंगवून हलतं ठेवायचं काम हे कार्ड करतं. ते नसेल तर खेळ उघडतसुद्धा नाही. सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त जातीचं कार्ड, पण तिचं.

आता मुलींच्या संघांची राज्यभराची स्पर्धा लागली होती. निवड फेरी पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी, आपापल्या घरूनच खेळायची. पहिले चार संघ पुण्याला. त्या दिवशी जी हजर नसेल तिच्या जागी राखीव मुलगी, आणि मग पुढंही तीच.

गुरुवारी सकाळी कॉलेजला निघताना संयोगितानं ते कार्ड काढून आबांच्या टेबलावर स्वच्छ फडक्यावर ठेवलं.

"आबा, पंखा घरघरतोय ह्याचा. तुमच्या बारीक कुंचल्यानं धूळ काढून ठेवता का? पाणी लावू नगा."

"ठिव की," आबा म्हणाले.

दुपारी आबांनी पोत्यातून सात-आठ कार्डं काढून टेबलावर पसरली. तेवढ्यात उदयसिंहाचा फोन आला. सोन्याचा दर एका दिवसात असा चढला होता, की त्रिशूरच्या बाजारात लोक दुकानं उघडून नुसते बघत बसले होते. आबांनी फोन खांद्यात धरला. हात कामाला लागले. दराचं बोलणं चाललं होतं, कचकन, कचकन चाललं होतं. मग एक पट्टी खाली पडली आणि आबांच्या नजरेच्या कोपऱ्यात रिकामं पांढरं फडकं आलं.

पट्टी झळझळीत होती. पोत्यातल्या कार्डांची बोटं काळवंडलेली, ओरखडलेली असतात. ही नव्या नथीसारखी चमकत होती. कातरीच्या दाबानं ती खाचेपाशी मोडून दोन तुकडे झाली होती.

"हॅलो, आबा? हॅलो?" उदयसिंह तिकडून ओरडत राहिला.

आबांनी पोत्यात शोधलं असतं तर तसलंच एखादं मेलेलं कार्ड सापडलं असतं. ते फडक्यावर ठेवून 'मला काय ठावं, बंद पडलं असंल' म्हणता आलं असतं. हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण त्यांनी कार्ड आणि दोन्ही तुकडे पंच्यात बांधले आणि ते पाच वाजेपर्यंत ओट्यावर बसून राहिले.

संयोगिता आली. "झाली का धूळ काढून?"

आबांनी पंचा उघडला.

तिनं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"माझ्या हातनं झालं, बाळ. मी बघितलंच न्हाई."

मंगल दारात आली, बघून कपाळावर हात मारला. "आवं मामंजी, पोरीचंबी कापलंसा? आता माझं मंगळसूत्र तेवढं सांभाळून ठिवती, न्हाईतर झोपेत कातरीखाली घालाल."

"आई, गप की," संयोगिता म्हणाली. आणि आबांकडे न बघता, अगदी हळू, "ऱ्हाऊ द्या आबा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं आबांना वाटलं. त्या 'ऱ्हाऊ द्या'नं त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी स्वच्छ धोतर नेसलं, टोपी झटकली आणि नातीला म्हणाले, "चल सांगलीला. नवं घिऊ." बोटात स्वतःच्या हातानं घडवलेली अंगठी होती. तिचं वजन त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. एवढ्यात भागेल असा त्यांचा हिशेब होता.

सांगलीच्या बसस्थानकामागे एका बोळात साईराज नावाच्या तिशीतल्या माणसाचं संगणकाचं दुकान आहे. संयोगितानं जुनं कार्ड तिथूनच घेतलं होतं. आबा बाकावर अवघडून बसले.

"सगळ्यात ल्हान कार्ड दावा," ते म्हणाले.

साईराजनं संयोगिताकडे बघितलं. "लहान आता उरलंय कुठं? तीन-चार वर्षांपूर्वी आठ-नऊ हजारांत नवं कोरं द्यायचो मी. आज सगळ्यात खालचं अठरा हजार आठशे. तेही हातात नाही. नाव लिहून जा, पंधरा-वीस दिवसांनी माल येईल. दर त्या दिवशीचा."

"दर त्या दिवशीचा?" आबा पुढं सरकले.

"हो आजोबा. गेल्या आठवड्यात सतरा होतं. उद्याचं मी सांगू शकत नाही."

आबांनी ही भाषा जन्मभर ऐकली होती. पण ती एका धातूपुरतीच असते अशी त्यांची समजूत होती. "ह्यात सोनं किती असतंय?" त्यांनी विचारलं.

साईराज हसला. "सोनं शंभर-सव्वाशेचं असेल नसेल."

"मग दर कशाचा चढतोय?"

"वाळूचा."

आबांना वाटलं पोरगा चेष्टा करतोय. पण साईराज समजावून सांगायला लागला. ही चिप वाळू शुद्ध करून होते. वाळू वितळवायची, त्यातलं हीण काढायचं, पुन्हा वितळवायची, पुन्हा काढायचं. असं करत करत इतकी शुद्ध करायची, की अब्ज कणांत एखादा कण परका राहील. आबा ऐकतच राहिले. त्यांच्या हातून निघालेलं उत्तमातलं उत्तम सोनं हजारात एक भाग हिणाचं असायचं, आणि त्यावर त्रिशूरचे सराफ खूश असत.

"म्हंजी ही बी गलाईच," ते स्वतःशी म्हणाले.

"मग दर का वाढला?" संयोगितानं विचारलं. "चिप तीच हाय न्हवं?"

"चिपबरोबर मेमरी लागते. परदेशात संगणकांची मोठमोठी कोठारं बांधलीत, मशिनला शहाणं करायला. जगात मेमरी बनते ती आधी तिकडं जाते. उरली तर लाखा-लाखाच्या कार्डांना. त्यातून उरली तर आपल्या लहान कार्डांना. पंगतीत शेवटी बसलेल्यासमोर वाढपी येतो तेव्हा बुंदी संपलेली असते, तसं झालंय. लहान गिऱ्हाईक कुणाला नको आता. आणि नवं मिळेना म्हटल्यावर जुन्यालाही भाव. तुझं होतं ते आज मी दुपटीनं विकलं असतं."

संयोगितानं मग पिशवीतून कापलेलं कार्ड काढलं. साईराजचा चेहरा दुखल्यासारखा झाला.

"हे कुणी केलं?"



"मी," आबा म्हणाले. "माझं कामच त्ये हाय."

साईराज हसला नाही. भिंग लावून त्यानं कड बघितली. कातर गेली होती त्याच्या केसभर वर मोहरीएवढे ठोकळे ओळीनं बसवलेले होते. "नशीब. हे ठोकळे गेले असते तर फेकूनच द्यायचं होतं." मग त्यानं सांगितलं, की एका बाजूला ब्याऐंशी बोटं असतात, पण सगळी लागतात असं नाही. पहिली बत्तीस जोडली तरी कार्ड जागं होतं, थोडं हळू चालतं इतकंच. दोन्ही बाजूंची मिळून चौसष्ट. दुसऱ्या कार्डाची पट्टी आणून चिकटवायची आणि एकेका बोटापासून वीज नेणाऱ्या वरच्या रेघेपर्यंत केसासारखी तार जोडायची. "पण हे मी घेणार नाही. डोळे जातील माझे. सांगलीत कुणीच घेणार नाही."

"डागच द्यायचाय न्हवं?" आबांनी विचारलं.

"काय द्यायचंय?"

"जोड."

"हो, जोडच. पण चौसष्ट तारा आहेत आजोबा."

"साखळीला तीनशे कड्या असत्यात," आबा म्हणाले आणि एवढं बोललो म्हणून त्यांनाच लाज वाटली.

साईराजनं आबांचे हात बघितले. मग बोटांच्या क्रमांकाचा कागद छापून दिला आणि बारीक टोकाचं सोल्डरिंग यंत्रही दिलं. "परत आणून द्या फक्त." अंगठी बोटातच राहिली.

बसमध्ये संयोगिता खिडकीबाहेर बघत होती. विटा जवळ आलं तेव्हा म्हणाली, "आबा, न्हाई जमलं तर मी तुमास्नी काय म्हणणार न्हाई."

"म्हण की," आबा म्हणाले. "म्हटलीस तर बरं वाटंल."

शनिवारी आबांनी गोठ्यातल्या टेबलावरची कातर उखडून बाजूला ठेवली आणि सोनाराचं भिंग डोळ्याला लावलं. बारा वर्षं हजारो कार्डं त्यांच्या हाताखालून गेली होती, पण कडेच्या वर त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आता बघितलं. तिथं रस्ते होते. शेकडो रस्ते, एकमेकांना न शिवता शेजारून जाणारे, वळणावर सगळे मिळून वळणारे. काही रस्ते मुद्दाम नागमोडी केलेले.

"ह्ये उगंच का वाकडं नेलंय?" त्यांनी विचारलं.

"उगंच न्हाई आबा. सगळ्या रेघांची लांबी सारखी पायजे. एक निरोप आधी आणि एक मागनं आला तर गोंधळ हुतो. म्हणून जवळच्या रेघेला वळसा घालाय लावलाय."

"आणि मधली ती काळी वडी?"

"तीच चिप. तिच्यात चारशे सत्तर कोटी बटनं हाईत. एका सेकंदात कितींदा चालू-बंद हुत्यात त्ये इचारू नगा."

आबांनी भिंग काढलं. "जगात माणसं किती?"

"आठशे कोटीच्या वर."

"म्हंजी निम्म्या जगाएवढी बटनं ह्या नखावर?" त्यांनी तळहातावर कार्ड घेतलं. हात सवयीनं वरखाली झाला आणि मधेच थांबला. त्या दिवशी त्यांनी वजन सांगितलं नाही.

पहिले चार दिवस त्यांनी नातीच्या कार्डाला हात लावला नाही. आधी मेलेल्यांवर हात बसवला. पोत्यातलं कार्ड घ्यायचं, केसाएवढ्या पात्याच्या करवतीनं पट्टी सोडवायची, दुसऱ्या मेलेल्याला जोडायची. पहिला जोड फुगला. दुसरा शेजाऱ्यावर जाऊन बसला. सोन्याचा डाग ज्योत मागतो, हा सोल्डरचा मऊ धातू ज्योत बघूनच पळतो. तारेसाठी मंगलचा बिघडलेला मिक्सर उघडला गेला.

"दुरुस्त करून आणते म्हणत हुते मी त्यो!" मंगल म्हणाली.

"आता पोरीचं दुरुस्त हुईल त्यातनं," आबा म्हणाले.

"व्हय, आणि उद्या पोरीच्या कार्डातनं माझी चटणी वाटा."

पण संध्याकाळी तीच चहा घेऊन आली आणि आबांच्या मागे उभी राहून बघत राहिली. तारेवरचा लाखेचा लेप खरवडायचा, नखाएवढा तुकडा तोडायचा, एक टोक बोटावर, दुसरं रेघेवर. आबांचा हात एरवी कपबशी धरताना थरथरतो. मंगलच्या लक्षात आलं, की टोक टेकायच्या क्षणी आबांचे गाल जरासे फुगतात, नाक हलतं आणि हात दगडासारखा होतो. फुंकणी नव्हती, ज्योत नव्हती, पण श्वास तोच होता. तिनं लग्नाला बावीस वर्षं झाली तरी सासऱ्यांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं. ते काम नेहमी मुलखाबाहेर असायचं. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. चहावर साय धरली.

पाचव्या दिवशी त्यांनी संयोगिताचं कार्ड पुढं घेतलं. पट्टीची खाच मूळ जागी बरोबर यावी म्हणून अर्धा दिवस नुसतं मापलं, मग दोन नळ्या एकत्र कालवायच्या चिकट्यानं ती बसवली. मग रोज सकाळी सोळा तारा, संध्याकाळी सोळा, यापुढं डोळे पाणी काढत. कॉलेजहून आली की संयोगिता कागद घेऊन शेजारी बसायची आणि क्रमांक वाचायची. एकेक तार झाली की वीज जाते का बघायला मीटरचं टोक लावायची. टीं वाजलं की दोघं श्वास सोडायचे. एक्केचाळिसावी शेजारणीला चिकटली, ती काढून पुन्हा लावली. शुक्रवारी संध्याकाळी चौसष्टावी टीं वाजली.

"झालं?" आबांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली, पण बटण दाबायचं धाडस शनिवार सकाळवर ढकललं.

शनिवारी कार्ड बसवलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला. तिनं काढलं, पुन्हा बसवलं. काळाच. तिसऱ्यांदाही. संयोगिता खुर्चीत मागे टेकली. फोनवर कराडच्या मुलीचा निरोप येऊन पडला होता: राखीव मुलीला कळवू का?

"कळव म्हणती," ती म्हणाली. "आबा, बास आता. लय केलंसा तुमी."

आबा उठले. कार्ड घेऊन ते ओट्यावर उन्हात गेले. तारा पुन्हा बघण्यात अर्थ नव्हता, त्या मीटरनं पारखल्या होत्या. त्यांनी तारांकडे बघितलंच नाही. ते बघत होते सोन्याकडे. रंग पारखणं हे एक काम त्यांना झोपेतही येत होतं. कड उन्हात तिरकी धरून ते एकेका बोटावरून नजर नेऊ लागले. पहिल्या बाजूला सगळं ठीक. दुसऱ्या बाजूला सातवं, आठवं, नववं. त्यांची भुवई हलली. ती तीन बोटं पिवळी होती, पण त्यांचा पिवळा मुका होता.

"संयोगिता," त्यांनी हाक मारली. "ह्ये सोनं बोलंना."

"काय झालं?"

"हितं सोन्यावर कायतरी हाय. दिसत न्हाई, पण हाय."

तिनं भिंग लावलं. काहीच दिसेना. नख घासलं तेव्हा कळलं. चिकटा ओघळून त्या तीन बोटांवर काचेसारखा पातळ पापुद्रा बसला होता. त्यांनी मीटरचं टोक टोचून तपासलं होतं तारेच्या जोडापाशी, बोटाच्या टोकाला नव्हे. आबांनी लाकडाच्या कोरलेल्या काडीनं पापुद्रा सोडवला, मग संयोगिताचं खोडरबर घेऊन बोटं हलकेच पुसली. पुन्हा उन्हात धरलं. "आता बोलतंय."

या वेळी पडदा एकदा लुकलुकला आणि उजळला.

संयोगिता उठून उभी राहिली आणि तोंडावर हात ठेवून पुन्हा खाली बसली. तिनं एक खिडकी उघडून आकडा बघितला, कार्ड किती वाटांनी चालतंय याचा. सोळाच्या जागी चार. "चार वाटांवर चाललंय आबा. तुमच्याच तारांवर." मग तिनं खेळ उघडला.

आबांना वाटलं होतं पत्त्याच्या डावासारखं काहीतरी चौकटीत दिसेल. समोर एक आख्खं गाव उभं राहिलं. ऊन पडलेल्या भिंती, भिंतीची सावली, पाण्याच्या डबक्यात त्या भिंतीचं हलतं प्रतिबिंब. संयोगितानं हात हलवला तसं गाव फिरलं आणि सावल्याही आपापल्या जागी फिरल्या. हे सगळं चौसष्ट तारांतून चाललं होतं, ज्यांतली एकेक त्यांनी नखानं तोडली होती.

"ह्या डबक्यात आभाळ दिसतंय," ते म्हणाले.

"व्हय आबा."

"ते कुणी काढलंय?"

"आत्ता काढलं कार्डानं. दर सेकंदाला साठदा नवीन काढतंय."

आबा पडद्याच्या आणखी जवळ गेले. डबक्यातलं आभाळ त्यांच्यासाठी थांबत नव्हतं. संयोगितानं कराडला उत्तर पाठवलं: कुणाला कळवू नकोस, मी आहे.

रविवारी निवड फेरी तीन तास चालली. आबा नातीच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. मंगलनं त्यांना खोकला आला तर बाहेर जायचं, अशी तंबी दिली होती. आबांनी पडदा बघितलाच नाही. त्यांनी संगणकाच्या पेटीच्या बाजूची काच उघडी ठेवायला सांगितली होती आणि ते आपल्या तारांच्या जागेकडे बघत बसले. आत पंखा फिरत होता. तारा दिसत नव्हत्या, दिसायलाही नको होत्या. मधूनमधून संयोगिता हेडफोनमध्ये ओरडायची, "मागं, मागं! संयमानं!" आणि आबांचे गाल आपोआप फुगायचे.

शेवटच्या सामन्यात संयोगिताच्या हातून एक चूक झाली. बटण दाबायला क्षणभर उशीर. तो सामना गेला. चारपैकी तीन जिंकून त्यांचा संघ चौथा आला. चौथा म्हणजे शेवटचा, पण पुण्याला जाणारा.

तिनं हेडफोन काढला. कान लाल झाले होते. "माझ्या हातनं गेला आबा शेवटचा. कार्डाची काय चूक न्हाई."

"हात हाय," आबा म्हणाले. "चुकतोय कवा कवा."

संयोगितानं त्यांच्याकडे बघितलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा दोघं हसले. मंगल बाहेरून म्हणाली, "हसताय काय, हरलाय का जिकलाय ते तरी सांगा."

आबांनी पंजाची मागची बाजू कार्डाजवळ नेली, मुशीची ऊब बघावी तशी. "तापलंय."

"तापणारच. तीन तास पळालंय त्ये."

सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर आबा गोठ्यात गेले. पंच्यात बांधून ठेवलेले त्या मूळ पट्टीचे दोन तुकडे त्यांनी काढले आणि तळहातावर घेतले. हात दोनदा वरखाली झाला. यातलं सोनं गुंजेच्या दहाव्या हिश्श्याएवढं. तेवढ्यासाठी आपण काय कापलं होतं, हे त्यांनी मनात एकदा धरून बघितलं, पण ते काही हाताच्या मापात आलं नाही. तुकडे त्यांनी डब्यात टाकले नाहीत, टोपीच्या घडीत ठेवले.

मग कातर पुन्हा टेबलाला ठोकली. मेलेली कार्डं मेलेलीच होती, आणि उदयसिंहाला पट्ट्या पाठवायच्या होत्या. पण त्यांनी पोतं उलटं केलं, तेव्हा कार्डं बोटांच्या बाजूनं रचली नाहीत. सगळी तोंडं वर करून मांडली, रस्ते दिसतील अशी. भिंग डोळ्याला लावलं आणि पहिलं उचललं.

मंगलनं चहा आणला तेव्हा त्यांचं अजून एकही कापून झालं नव्हतं.